औषध चालू असलेल्या कोंबड्यांची अंडी: किती दिवस थांबायचं, आणि तोवर त्या अंड्यांचं काय करायचं?

अंगणवेल (कुडाळ)

नमस्कार मंडळी. घरामागे गावठी आणि गिरिराज मिळून वीस-बावीस कोंबड्या आहेत. पावसाची झड लागली आणि चार-पाच जणींना शिंका, नाकातून पाणी, डोळ्याच्या कडेला फेस असं सुरू झालं. रात्री खुराड्याजवळ उभं राहिलं की घरघर स्पष्ट ऐकू यायची. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून पाण्यातून द्यायला एन्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं, पाच दिवसांसाठी. कोंबड्या सावरतायत, खायला लागल्यात.

प्रश्न अंड्यांचा आहे. औषधाच्या दुकानात विचारलं तर म्हणाले, सात दिवस खाऊ नका. शेजारच्या वहिनी म्हणतात, उकडून खाल्लं की काही होत नाही. बाटलीवरची अक्षरं इतकी बारीक की भिंग घेऊनही अर्धीच लागली.

आमची अंडी वाडीतल्या चार घरांत जातात. त्यातल्या एका घरी गरोदर सून आहे आणि तिच्यासाठी म्हणून तिची सासू मुद्दाम गावठी अंडी नेते. त्यामुळे अंदाजपंचे काही करायचं नाही, नीट समजून घ्यायचं आहे. औषध सुरू करण्याआधी जमवलेली अंडी चालतील का? बंद केल्यावर नक्की किती दिवस थांबायचं? एक कोंबडी खुडूक बसलीय, तिच्याखाली यातली अंडी ठेवावीत का? आणि जी खायची नाहीत ती टाकायची कुठे?

हिरवा_चाफा

बाकीचं जाणकार सांगतीलच. तोवर एक करा ताई, प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारीख घाला. पेन किंवा मार्कर नको, कवचाला छिद्रं असतात. आणि ही अंडी स्वयंपाकघरात आणूच नका, वेगळ्या टोपलीत बाहेर ठेवा. घरात चार माणसं असली की कुणीतरी सवयीने उचलून भुर्जी करतंच.

जुना_पशुवैद्य

अंगणवेलताई, मी पशुधन विकास अधिकारी म्हणून निवृत्त झालो. तुमच्या कोंबड्या मी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच. पण सात दिवस हा आकडा कुठून आला ते कळलं तर तो कुठवर पुरतो हेही कळेल, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्याकडे औषध नियम १९४५ मध्ये जानेवारी २०१२ ला दुरुस्ती झाली. ज्या जनावरांचं दूध, अंडी, मांस माणूस खातो त्यांच्या औषधाच्या लेबलवर विथड्रॉवल पिरियड छापणं बंधनकारक झालं. म्हणजे शेवटची मात्रा दिल्यापासून किती काळ ते दूध, अंडी, मांस खाण्यात आणायचं नाही, तो काळ. एखाद्या औषधासाठी असा काळ ठरवून दिलेला नसेल तर अंडी आणि दुधासाठी सात दिवसांपेक्षा कमी नको, कोंबडीच्या आणि जनावरांच्या मांसासाठी २८ दिवसांपेक्षा कमी नको, असं त्यात आहे. तेव्हा दुकानदार मनचं बोलले नाहीत. फक्त 'निदान', म्हणजे कमीत कमी, हा शब्द त्यांच्याकडून राहून गेला, आणि सगळी गोम त्या शब्दात आहे.

कोंबडी कापताना पोटात पिवळ्या गोळ्यांचा घोस पाहिला असेल, मोठ्या लिंबापासून मोहरीएवढ्यापर्यंत. ते सगळे वाढीला लागलेले बलक. त्यातला एकेक बलक अंड्यात जाण्याआधीचे आठ ते दहा दिवस झपाट्याने भरतो. यकृतात तयार झालेले मेद आणि प्रथिनं रक्तातून येतात आणि थरावर थर चढत जातात. त्या दिवसांत रक्तात औषध असलं तर ते त्या त्या थरात जाऊन बसतं. पांढरा भाग मात्र अगदी शेवटी, अंडनलिकेत तीनेक तासांत चढतो आणि मग कवचाला वीसेक तास लागतात. त्यामुळे पांढऱ्यातलं औषध तसं लवकर निघून जातं, बलकातलं रेंगाळतं. आता हिशेब करा. औषध बंद केल्यावर आठव्या दिवशी पडलेल्या अंड्याचा बलक भरायला लागला तेव्हा तुमच्या पाण्याच्या भांड्यात औषध होतं.

एन्रोफ्लॉक्सॅसिनबद्दल खास सांगायचं तर ते बलकात आणि पांढऱ्यात दोन्हीकडे उतरतं. युरोपात माणसांच्या खाण्यासाठी अंडी देणाऱ्या कोंबड्यांना ते द्यायचंच नाही, आणि तलंगांनाही अंड्यावर येण्याआधीच्या १४ दिवसांत नाही, असं त्याच्या लेबलवर असतं. तिथे अंड्यांसाठी 'अमुक दिवसांनी चालेल' असा आकडाच दिलेला नाही. आपल्याकडे हे औषध सर्रास वापरलं जातं आणि कधी कधी कोंबडी वाचवायला दुसरं हाताशी नसतं. अशा घरगुती कळपाला मी शेवटच्या मात्रेनंतर तीन आठवडे अंडी बाजूला ठेवा असं सांगत आलो. हा कायद्याचा आकडा नव्हे, माझा हिशेब आहे. बलक भरायला दहा दिवस, त्याआधी औषध अंगातून निघायला लागणारा वेळ, आणि आजारातून उठलेल्या कोंबडीचं यकृत आणि मूत्रपिंड पूर्ण जोमाने चालत नसतं म्हणून वर थोडी सवड. गरोदर बाई खाणार असेल तर माझ्या मते याहून कमी नकोच.

पहिल्या मात्रेआधी पडलेल्या अंड्यांत औषध यायला वाटच नाही. ती नीट शिजवून खा.

खुडुकीखाली मात्र यातलं एकही अंडं ठेवू नका, आणि याचं मुख्य कारण औषध नाही. तुमच्या वर्णनावरून जुनाट श्वसनरोगाचा, म्हणजे सीआरडीचा संशय येतो. त्याचा जंतू, मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम, आईकडून अंड्यातून पिलात उतरतो. औषधाने घरघर थांबते, पण जंतू कळपातून जात नाही. बऱ्या दिसणाऱ्या कोंबड्या तो बाळगून असतात आणि पुढच्या पावसाळ्यात किंवा थंडीत पुन्हा डोकं वर काढतो. पिलं हवी असतील तर रोगराई नसलेल्या दुसऱ्या घरची अंडी आणा. ती उबवायलाही या कळपापासून लांब जागा हवी.

रानवाट (चिपळूण)

डॉक्टरसाहेब, आदर ठेवून विचारतो. आमच्या आजीच्या काळापासून घरात कोंबड्या आहेत. कोंबडीला गोळी दिली आणि अंडं फेकून दिलं असं कधी झालं नाही, कुणाला काही झालंही नाही. इतकुसं औषध, त्यातलं अंड्यात किती येणार आणि शिजवल्यावर त्यातलं किती उरणार? गरिबाघरी अंडं फेकणं सोपं नसतं.

जुना_पशुवैद्य

रानवाट, गरिबाघरचं अंडं फेकायला सांगताना मलाही जड जातं, म्हणून दोन्ही प्रश्नांची उत्तरं सरळ देतो.

शिजवण्याचं आधी. उकळत्या पाण्यात रोगजंतू मरतात. औषधाचा रेणू हा जंतू नव्हे. टेट्रासायक्लिन गटातली औषधं उष्णतेने थोडीफार मोडतात, पण एन्रोफ्लॉक्सॅसिन आणि सल्फा गटातली औषधं उकडून किंवा तळून जात नाहीत. त्यामुळे शिजवणं हा यावरचा उपाय म्हणून धरायचाच नाही.

आता किती येतं ते. एखादं अंडं चुकून खाल्लं गेलं तर बहुतेकांना काहीही होणार नाही, उगाच कुणाला घाबरवायचं नाही. अपवाद म्हणजे पेनिसिलिन किंवा सल्फाची ॲलर्जी असलेली माणसं, त्यांना थोड्यानेही त्रास होऊ शकतो. खरी काळजी रोज खाणाऱ्याची. लहान मूल, गरोदर बाई, आजारी म्हातारं माणूस, ज्यांना आपण अंडं मुद्दाम खाऊ घालतो तीच ही माणसं. शिवाय थोड्या थोड्या मात्रेत अँटिबायोटिक पोटात जात राहिलं की पोटातल्या जंतूंना त्याची सवय होते, आणि उद्या ताप आला तर माणसासाठी त्याच गटातलं औषध लिहिलं जातं. आपल्या सरकारने जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन पशुपालनात आणि कोंबड्यांच्या खाद्यात वापरायला बंदी घातली ती याच काळजीतून. इस्पितळात दुसरं काही चालेनासं झालं की शेवटी उरतं ते औषध आहे ते.

आजीच्या काळात परसातल्या कोंबडीला एन्रोफ्लॉक्सॅसिन कुणी देत नव्हतं, हेही लक्षात घ्या.

मंजिरी_कॅरोलिना

मी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात राहते, मागच्या अंगणात सहा कोंबड्या आहेत. इथला अनुभव लिहिते, कदाचित उपयोग होईल. एन्रोफ्लॉक्सॅसिनची कोंबड्यांसाठीची परवानगी इथल्या एफडीएने, म्हणजे अन्न आणि औषध प्रशासनाने, २००५ मध्ये काढून घेतली. कॅम्पिलोबॅक्टर नावाच्या जंतूवर, जो कोंबडीच्या मांसातून माणसात येतो, या गटातली औषधं चालेनाशी होऊ लागली होती हे त्यामागचं कारण. इथल्या पशुवैद्यांनाही हे औषध कोंबडीला लिहून देता येत नाही, कोंबडी घरच्यासाठी पाळलेली असली तरी. कायद्याच्या लेखी कोंबडी हा खाण्यासाठीचाच प्राणी.

जून २०२३ पासून इथे जनावरांची महत्त्वाची अँटिबायोटिक्स प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळत नाहीत. आधी शेती दुकानात टेट्रासायक्लिनच्या पुड्या कपाटावर लटकलेल्या असायच्या. आता डॉक्टर गाठावा लागतो, आणि कोंबड्या तपासणारा डॉक्टर शहरात सहज मिळत नाही. पण डॉक्टर मिळाला की अंड्यांचं उत्तर नीट मिळतं, कारण लेबलवर नसलेल्या वापरासाठी किती दिवस थांबायचं हे विचारायला त्यांच्यासाठी फॅराड नावाची यंत्रणा आहे. माझ्या डॉक्टरांनी तिथे विचारून मला कागदावर तारीख लिहून दिली होती. दिवस मोजायला सांगण्यापेक्षा तारीख लिहून देणं मला फार आवडलं. अंगणवेलताई, तुम्हीही तुमच्या डॉक्टरांकडून तारीखच लिहून घ्या.

रानवाट

डॉक्टर, पटलं. मग रक्ती हगवणीवरचं औषध आणि जंताचं औषध यांनाही तीन आठवडे? तसं असेल तर वर्षातले निम्मे दिवस अंडी बंदच.

जुना_पशुवैद्य

नाही, म्हणूनच सगळ्या औषधांना एक नियम लावता येत नाही. रक्ती हगवणीवरचं अँप्रोलियम अमेरिकेत आणि युरोपात अंडी देणाऱ्या कोंबड्यांना चालतं आणि तिथे त्याला अंड्यांसाठी शून्य दिवस आहेत. ते देताना बी-कॉम्प्लेक्सचं टॉनिक सोबत देऊ नका. अँप्रोलियम हे बी-१ जीवनसत्त्वासारखं सोंग घेऊन परजीवीला उपाशी मारतं, वरून तुम्ही बी-१ ओतलंत तर औषध वाया.

जंताचं म्हणाल तर फेनबेंडाझोलचं कोंबड्यांसाठी खास बनवलेलं, पाण्यातून द्यायचं द्रावण आहे, त्याला युरोप-अमेरिकेत शून्य दिवस मिळाले. पण ते त्या द्रावणाला, त्या मात्रेला मिळाले. शेळीची गोळी कुटून पिठात घातली तर ते शून्य दिवस तिला लागू होत नाहीत. तुमच्या हातातल्या पाकिटावर काय छापलंय ते वाचा. काहीच छापलं नसेल तर कायद्याचे सात दिवस आहेतच.

लसीला हे काही लागू नाही. लासोटा आणि आर-टू-बी या मानमोडीच्या (राणीखेत) लसी, देवीची लस यांचा औषधासारखा अंश अंड्यात राहत नाही. मानमोडीची लस वेळेवर टोचून घेतली तर निम्म्या वेळा औषधाची पाळीच येत नाही. लसी आपल्याकडे पुण्यात औंधला पशुवैद्यकीय जैविक उत्पादने संस्थेत तयार होतात, पंचायत समितीच्या दवाखान्यात चौकशी करा.

लेयरवाला (मिरज)

आमचा बीव्ही ३०० जातीच्या लेयरचा, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांचा, फार्म आहे. मोठ्या फार्मची बाजू सांगतो, कारण लोकांना वाटतं आम्ही सगळे अंड्यावरच्या पक्ष्यांना औषध पाजत बसतो.

समजा ५००० पक्षी आहेत आणि ९० टक्के उत्पादन आहे. रोजची ४५०० अंडी, म्हणजे १५० ट्रे. सात दिवस अंडी थांबवायची म्हणजे १०५० ट्रे गाडीत न चढवता खड्ड्यात. तीन आठवडे थांबलो तर ३१५०. खाद्य, लाईट, मजुरी तर चालूच. हा आकडा डोळ्यासमोर असला की कुणालाही दिवस चोरायचा मोह होतो, आणि काही जण चोरतात. मी हे झाकून ठेवणार नाही. आमच्याच धंद्यातल्या माणसांशी यावरून मी भांडलोय.

पण म्हणूनच शहाणा लेयरवाला सगळी मेहनत अंड्यावर येण्याआधी करतो. लसीकरण पूर्ण, जंतनाशक देऊन झालेलं, आणि मगच पुलेट, म्हणजे तलंगी, लेयरच्या पिंजऱ्यात. पुढे काही उद्भवलंच तर डॉक्टरला पहिला प्रश्न 'अंड्यावर चालणारं काय आहे?' हाच. औषध लिहून झाल्यावर हा प्रश्न विचारून उपयोग नसतो, तोवर औषध पोटात गेलेलं असतं.

आणखी दोन गोष्टी, घरगुतीवाल्यांनाही उपयोगी पडतील. औषधाचा कोर्स संपला की पाण्याची टाकी, पाईप, कोंबड्या पाणी पितात ती निपल सगळं धुवून काढावं लागतं. पाईपच्या आतल्या बुळबुळीत थरात औषध अडकून राहतं आणि पुढे थोडं थोडं उतरत राहतं. तुम्ही आज औषध बंद केलं असं समजता आणि कोंबडी मात्र अजून पीत असते. दुसरं म्हणजे नोंद. कुठलं औषध, बॅच नंबर, कोणत्या शेडला, पहिली मात्रा कधी, शेवटची कधी. आमच्याकडे वही शेडच्या दारातच टांगलेली असते.

वऱ्हाडचा_संजू (अकोला)

चांगला धागा. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझ्याकडे तपकिरी अंडी देणाऱ्या काही कोंबड्या आहेत. मध्यंतरी आमच्या गावच्या दुकानात लेयरचं खाद्य आलंच नाही, म्हणून दुकानदाराने ब्रॉयलरचं, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांच्या पिलांचं, स्टार्टर खाद्य दिलं. दोन-चार दिवसांत अंड्यांचा रंग उतरत गेला. आधी फिकट चहासारखा, मग जवळपास पांढरी. कोंबड्या ठणठणीत, खाणंपिणं व्यवस्थित. एक अंडं फोडून पाहिलं तर बलकावर ढगाळ डाग होते. खाद्य बदललं तसा रंग हळूहळू परत आला. औषध तर मी काहीच दिलं नव्हतं. हे काय असावं?

जुना_पशुवैद्य

संजू, औषध तुम्ही दिलं नाही, पण खाद्यात बहुधा होतं. ब्रॉयलरच्या खाद्यात रक्ती हगवण होऊ नये म्हणून कॉक्सिडिओस्टॅट गटातली औषधं मिसळलेली असतात. त्यातलं निकार्बाझिन नावाचं औषध अंड्यावरच्या कोंबडीच्या पोटात गेलं की तपकिरी कवचाचा रंग उडतो आणि बलकावर डाग येतात. तुम्ही लिहिलेली लक्षणं त्याच्याशी तंतोतंत जुळतात. पोत्यावरची चिठ्ठी अजून असेल तर बघा, त्यावर नाव सापडण्याची शक्यता आहे.

कवचाचा रंग परत आला म्हणजे बलक स्वच्छ झाला असं नाही, निकार्बाझिनचा मुख्य अंश बलकातच साठतो. म्हणून रंग आला तरी पुढे काही दिवस थांबायला हवं. गावठी कोंबडीचं कवच मुळातच फिकट, तिच्या अंड्यावर ही खूण दिसणारसुद्धा नाही. म्हणजे अशा खाद्यावरची किती घरची 'बिनऔषधी' अंडी खाल्ली जातात ते कळायलाही मार्ग नाही.

हे मी धाग्यावरच्या सगळ्यांना कळकळीने सांगतो. परसबागेतल्या कोंबडीला ब्रॉयलरचं खाद्य घालू नका. लेयरचं मिळत नसेल तर मका, ज्वारी, तांदळाची कणी, शेंगदाण्याची पेंड आणि शिंपल्यांचा चुरा यांवर आठवडा सहज निघतो. अंडी चार कमी मिळतील.

लेयरवाला

अगदी. आमच्याकडे खाद्य दळतानाही हीच भीती असते. एकाच मिक्सरमध्ये आधी ब्रॉयलरचं, मग लेयरचं दळलं की आधीच्याचा अंश पुढच्यात येतो. म्हणून आम्ही मधे नुसता मका फिरवून मिक्सर साफ करतो.

कोकणी_चुलाण (मालवण)

आमच्या शेजारचे आजोबा हगवण लागलेल्या कोंबड्यांना माणसांच्या जुलाबाच्या गोळीची पिवळी पूड देतात. म्हणतात, एका दिवसात गुण येतो. ते चालतं का?

जुना_पशुवैद्य

ती पिवळी पूड फ्युराझोलिडोन असेल तर अजिबात नाही. नायट्रोफ्युरान गटातलं औषध आहे ते. गुण येतो हे खरं, म्हणूनच एके काळी पोल्ट्रीत भरमसाट वापरलं गेलं. पण या गटाच्या अंशांमुळे प्राण्यांवरच्या प्रयोगांत कर्करोग दिसला, आणि मूळ औषध लवकर नाहीसं झालं तरी त्याचे अंश मांसात आणि अंड्यात चिकटून कित्येक आठवडे राहतात. एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमांनुसार कोंबडीपालनात कुठल्याही टप्प्यावर हा गट वापरायला बंदी आहे. प्रयोगशाळेच्या तपासणीसाठी किलोला एक मायक्रोग्रॅम अशी हद्द ठेवलेली आहे, ती यंत्राला कुठवर पकडता येतं त्यासाठी. तेवढं चाललं असा त्याचा अर्थ नाही. क्लोरॅम्फेनिकॉलचंही तसंच, बंदीच. यांना किती दिवस थांबू असा प्रश्नच येत नाही.

आजोबांना हे सांगताना माझं नाव पुढे करा. वडीलधाऱ्या माणसाला शेजाऱ्याने शिकवलेलं आवडत नाही.

हिरवा_चाफा

यात अंगावर लावायच्या औषधांचंही बोलूया का? उवा-पिसवांसाठी लोक कुत्र्याच्या गोचिडांचे थेंब कोंबडीच्या मानेवर टाकतात, मी स्वतः पाहिलंय. त्यात बऱ्याचदा फिप्रोनिल असतं, भातावरच्या खोडकिड्याला फवारतात तेच. २०१७ मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये हेच झालं होतं. लेयर फार्मच्या लाल गोचिडांसाठी शेड साफ करून देणाऱ्यांनी वापरलेल्या द्रावणात फिप्रोनिल निघालं आणि युरोपभर लाखो अंडी दुकानांतून परत घ्यावी लागली. त्या कोंबड्यांना कुणी काही पाजलं नव्हतं. कातडीतून, पिसं चोचीने साफ करताना पोटातून गेलं आणि अंड्यात उतरलं.

जुना_पशुवैद्य

बरोबर. आयव्हरमेक्टिनचंही लक्षात ठेवा, शेळ्यांसाठी घरात असतं आणि मग कोंबडीलाही दिलं जातं. ते चरबीत विरघळणारं, म्हणजे थेट बलकात साठणारं. उवांसाठी आधी खुराडं रिकामं करून भेगा चुन्याने लिंपा, तूस बदला, कोरड्या राखेचा आणि मातीचा खड्डा करून कोंबड्यांना त्यात लोळू द्या. एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टरांना विचारून फवारणी.

अंगणवेल

सगळ्यांचे मनापासून आभार. काल पुन्हा दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टरांना बलकाचं विचारलं तर खुर्ची पुढे ओढून बसले आणि व्यवस्थित बोलले. त्यांनीही तीन आठवडेच सांगितले आणि मंजिरी, तुम्ही म्हणालात तशी केसपेपरवर तारीख लिहून दिली. चारही घरी जाऊन सांगितलं. गरोदर सुनेच्या सासूबाई आधी थोड्या हिरमुसल्या, मग म्हणाल्या, बरं झालं सांगितलंस, आता तारखेपर्यंत माझ्या माहेराहून मागवते.

आता दोन गोष्टी राहिल्या. साठलेली अंडी टाकायची कशी? वाया जाऊ नयेत म्हणून उकडून कोंबड्यांनाच घालू का, की भावाच्या डुकरांना देऊ? आणि एक कोंबडी अजून घरघरतेय, डॉक्टर म्हणाले तिला आणखी तीन दिवस औषध द्या. मग तारीख सगळ्यांची पुढे जाणार का?

जुना_पशुवैद्य

कोंबड्यांना घातलीत तर तेच औषध फिरून त्यांच्याच पोटात आणि पुढच्या बलकात. डुकरांना दिलीत तर त्यांच्या मांसात. दोन्ही नको. कुत्र्यालाही सवय लावू नका, एकदा अंड्याची चव कळली की ते खुराड्यातून उचलायला लागतं.

विहिरीपासून आणि ओहोळापासून लांब, कुत्री उकरणार नाहीत इतका खोल खड्डा घ्या. अंडी आत टाकून काठीने फोडा. अख्खी पुरलीत तर आत वायू धरून फुटतात आणि घाण वास सुटतो. वर चुना भुरभुरवून माती दाबा. शेणखताच्या खड्ड्यात टाकू नका. हे औषध मातीत फार काळ टिकतं आणि ते खत तुम्ही उद्या भाजीला घालणार.

घरघरणाऱ्या कोंबडीचं म्हणाल तर तिला वेगळी करा, वेगळं भांडं, वेगळं पाणी, शक्यतो वाऱ्याच्या खालच्या बाजूला. असं केलंत तर बाकीच्यांची तारीख तीच राहील आणि हिची तिच्या शेवटच्या मात्रेपासून नव्याने मोजायची. एकाच भांड्यातून सगळ्यांना औषध पाजलंत तर सगळ्यांचीच मोजणी पुन्हा पहिल्यापासून. परत कळपात सोडताना तिच्या पायात रंगीत कडी घाला. पण कळपात सोडल्यावर तिचं अंडं तुम्हाला वेगळं ओळखता येईल का?

अंगणवेल

नाही हो, गावठीची सगळी सारखीच दिसतात. मग तिची तारीख उलटेपर्यंत तिला डालग्याखाली वेगळीच ठेवते. आणि पाण्याची भांडी आजच घासून उन्हात पालथी घालते, लेयरवाला दादांनी सांगितलं तशी.

लेयरवाला

घासा, पण ते धुतलेलं पाणी अंगणात ओतू नका, कोंबड्या तिथलंच टिपत बसतात. आणि खाली सांडलेल्या औषधी पाण्याने ओलं झालेलं तूसही उचलून टाका. खुराड्यातलं तूस त्या चोचीने उकरतात, विष्ठेतून पडलेलं औषधही त्यातच असतं.

वऱ्हाडचा_संजू

डॉक्टर, पोत्याची चिठ्ठी सापडली. निकार्बाझिन लिहिलेलं आहे, मदुरामायसिनच्या जोडीने. दुकानदाराला दाखवली. त्याला माहीतच नव्हतं. आता तो लेयर आणि ब्रॉयलरची पोती वेगळ्या थप्पीत लावतो, आणि गावठी कोंबड्यांसाठी खाद्य मागायला कुणी आलं की आधी विचारतो, अंड्यावर आहेत का.